साडेसहा किलो, खरंच!

ड्रमकिनच्या तळ्यावर दर मे महिन्यात पाच दिवस मासे पकडायची स्पर्धा चालते. स्पर्धक एकशे वीस. त्यांतले एकशे एकोणीस जण खोटं बोलतात. उरलेली एक म्हणजे डिम्फ्ना मॅकॅफ्री.

आणि हे खोटंही उलटं बरं का! एरवी हीच माणसं संध्याकाळी पबमध्ये बसली की बोटाएवढ्या माशाला हातभर लांब करतात. पण स्पर्धा चालू असताना शेजाऱ्यानं विचारावं, "काय, किती झाले?" की चेहरा एकदम सुतकी. "कुठले रे! दोन-चार बारकी पोरं लागली." तेव्हा पकडलेले मासे ठेवायला पाण्यात सोडलेली त्यांची लांब जाळी माशांनी टम्म फुगलेली असते. कारण साधं आहे. आपल्याला मासे कुठे आणि कशानं लागताहेत हे शेजाऱ्याला कळलं, की तोही लगेच तेच करणार. म्हणून तळ्यावर कुणी स्वतःचा आकडा सांगत नाही, आणि दुसऱ्यानं सांगितलाच तर मानत नाही. शेवटी शिट्टी वाजते, काटेवाला एकेकाच्या जागी जाऊन जाळीचं वजन करतो, मासे परत पाण्यात सुटतात, आणि खरं काय ते तेव्हाच कळतं.

डिम्फ्नाला मात्र हे जमायचंच नाही. चोपन्न वर्षांची बाई, शाळेची बस चालवते. एकदा बस वीस मिनिटं उशिरा आली, तर मुख्याध्यापकांना म्हणाली, "गाईबिई आडव्या आल्या नव्हत्या, मीच झोपून राहिले." अशी ती. सोमवारी, स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी, शेजारी बसलेल्या, इंग्लंडातल्या लीड्सहून आलेल्या माणसानं सहज विचारलं आणि हिनं सगळी कुंडली मांडली. "साठ रोच मासे झालेत! लांब फेकूच नकोस, काठापासून चार मीटरवर आहेत सगळे. आणि लाल अळी लाव, पांढरीला हुंगतसुद्धा नाहीत." लीड्सवाल्यानं मनापासून आभार मानले, लाल अळी लावली आणि तीनशे ग्रॅमनं तिला मागे टाकलं.

ब्रायडीनं त्या दिवशी कपाळ बडवून घेतलं. ब्रायडी पोस्टात असते. दोघी सात वर्षं बरोबर मासे धरतात, आणि डिम्फ्नाला काही सांगायचं तर ब्रायडी ते ओरडूनच सांगते.

"अगं बये, त्याला घरी नेऊन जेवायलापण घालायचं होतंस!"

"त्यानं विचारलं गं."

"विचारणारच! म्हणून सांगायचं? हे बघ, कुणीही विचारलं तर एकच उत्तर. 'थोडेसे.' म्हण."

"थोडेसे."

"हसू नकोस! रडवेलं तोंड करून म्हण. कुत्रं हरवल्यासारखं."

डिम्फ्नानं बसच्या आरशात बघून सराव केला. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही दिवस ती कुत्रं हरवलेल्या तोंडानं "थोडेसे" म्हणत राहिली, आणि खरं सांगायचं तर तिला ते बरंच जमलंही. तळ्यावर बोलणं सुरू झालं, की चला, बसवाली बाई शेवटी आपल्यातली झाली.

आता गुणांचं एवढंच समजून घ्या. रोज चिठ्ठी काढायची. चिठ्ठीत जो आकडा, ती काठावरची तुमची जागा. दहा-दहा जागांचा एक गट. गटात पहिल्याला दहा गुण, शेवटच्याला एक. बाकी तळ्यात कुणी काय धरलं याच्याशी देणंघेणं नाही, तुमचे नऊ शेजारी हरवा म्हणजे झालं. चार दिवसांनंतर डिम्फ्नाचे छत्तीस गुण झाले होते. सात वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव पाटीवर सगळ्यात वर होतं. पण एकटं नाही. त्याच ओळीत दुसरं नाव होतं, क्लिफ ओल्डरॉइड, बार्न्सली. त्याचेही छत्तीस. तिसरा माणूस इतका मागे, की त्याला आता पहिला येणं शक्यच नव्हतं.

आणि पणाला लागली होती किटली.

ड्रमकिनचं रेल्वे स्टेशन बंद झालं तेव्हा तिथल्या चहाच्या खोलीतली तांब्याची किटली गावानं स्पर्धेला देऊन टाकली. कळशीएवढी मोठी, चोच वाकडी. जो पाच दिवसांत पहिला, त्याच्या घरी ती वर्षभर राहणार. गेली बारा वर्षं ती समुद्रापलीकडे इंग्लंडात, बार्न्सलीला क्लिफच्या घरी होती. दर मे महिन्यात क्लिफ ती व्हॅनमधून घेऊन यायचा, चिठ्ठ्यांच्या टेबलावर ठेवायचा, आणि स्पर्धा संपली की परत घेऊन जायचा. गावातल्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना तर वाटायचं, की किटली त्याचीच आहे आणि तो ती आपल्याला नुसती दाखवायला आणतो! डिम्फ्नाची आई त्या चहाच्या खोलीत कामाला होती. लहानपणी डिम्फ्नानं त्या किटलीच्या पोटात आपलं फुगलेलं तोंड बघितलेलं. तिला ती परत हवी होती. अगदी पोटातून हवी होती, आणि हे तिनं ब्रायडीलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी क्लिफनं चिठ्ठी काढली, चौदा. त्याच्या मागे डिम्फ्नानं काढली, पंधरा.

टेबलाभोवती एकच गलका झाला. दोघं एकाच गटात, आणि तेही शेजारी शेजारी!

"काय डिम्फ्ना," क्लिफ किटलीवर हात फिरवत म्हणाला. सहासष्ट वर्षांचा, दाराएवढा रुंद माणूस, डोक्यावर चपटी टोपी. "नीट बघून घे हिला. बोट उद्या सकाळची आहे."

"बोटीत जागा ठेव रे तिच्यासाठी," डिम्फ्ना म्हणाली, "रिकामी."

"ऐकलंत का! बसवालीला जीभ फुटली!"

ब्रायडीनं तिला कोपऱ्यात ओढलं. "काय म्हणायचं?"

"थोडेसे."

"शाब्बास. आणि तो 'दोन' म्हणाला तर चार समज. जा."

दहाच्या ठोक्याला शिट्टी झाली. तळ्यावर वारा नव्हता, ढग खाली आलेले, पाणी शिशासारखं. चौदा आणि पंधरा या जागांच्या मध्ये एक वेड्यासारखं वाढलेलं विलोचं झाड आहे. त्याच्यामुळे एकमेकांचं डोकं तेवढं दिसतं, जाळी दिसत नाही. क्लिफनं नेहमीप्रमाणे चाऱ्याचे संत्र्याएवढे गोळे चाळीस मीटरवर भिरकावले. धप्प, धप्प, धप्प! वीस गोळे. तिथे मोठे ब्रीम येतात, एकेक दीड किलोचा, ताटाएवढा चपटा आणि शेवाळी. पण ब्रीम म्हणजे वाट बघायची. आले तर घबाड, नाही आले तर दिवसभर ढगांशी गप्पा.

डिम्फ्नाकडेही गोळ्यांची बादली होती. सगळ्या गटाचे गोळे पाण्यात पडत होते, तिचा हातही बादलीकडे गेला. मग तिनं पायापुढच्या पाण्याकडे पाहिलं. पृष्ठभागावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती. रोच. चमच्याएवढे, चंदेरी, लाल पंखांचे. तिनं बादलीवर झाकण ठेवलं, चार मीटरची हलकी काठी उचलली, चिमूटभर अळ्या टाकल्या आणि त्यांच्या मागोमाग गळ सोडला.

गळाच्या दोऱ्यावरची लाल टोकाची तरंगती काडी पाण्यावर उभी राहिलीच नाही. सरळ खाली!

मग जे सुरू झालं, ते काय सांगू! गळ टाक, थांब, उचल, मासा झुलत थेट तळहातात, गळ काढ, मासा जाळीत सोड, चिमूटभर अळ्या, पुन्हा टाक. पहिल्या तासात बावन्न. डिम्फ्नाच्या हातांना जणू वेगळा मेंदू फुटला होता. बसचे गिअर बदलताना हात जसे आपोआप चालतात ना, तसे. सात वर्षांत कितीदा तिचा दोरा गुंतला होता, कितीदा मासा हातातून निसटला होता, पण आज एकही चूक नाही. पंचेचाळीस-पन्नास ग्रॅमचा एकेक मासा, म्हणजे काहीच नाही. पण काहीच नाही गुणिले दीडशे म्हणजे काय होतं?

तीन तास झाले तेव्हा तिच्या गळ्यातल्या मोजणीच्या यंत्रावर एकशे एक्केचाळीस आकडा होता.

तेवढ्यात विलोच्या पलीकडून चपटी टोपी वर आली. सॅंडविच चघळत क्लिफनं विचारलं, "काय गं, किती?"

आता बघा. म्हणायचं होतं "थोडेसे". तोंड तयार होतं, कुत्रं हरवलेलं होतं, सगळं होतं. पण डिम्फ्ना त्या क्षणी इतकी आनंदात होती, की खोट्याला आत जागाच उरली नव्हती. आयुष्यात इतकं सुंदर काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि तो आकडा लपवून ठेवणं तिला पापच वाटलं.

"साडेसहा किलो!" ती म्हणाली. "एकशे एक्केचाळीस रोच, क्लिफ! पायाशीच आहेत. चार मीटरवर!"

बोलली, आणि तिचं तिलाच कळलं. झालं! क्लिफ ओल्डरॉइड म्हणजे रोच धरण्यात तिच्या दुप्पट वेगाचा माणूस. त्याच्याकडेही तसलीच हलकी काठी होती, म्यानातून काढलेली, बाजूला टेकवलेली. दोन तास बाकी होते. त्यानं आत्ता ती उचलली, तर किटली पुन्हा बोटीत बसणार होती. आणि ब्रायडी तिला कायमची पोस्टाच्या दारात उभी करणार होती.

क्लिफचं चघळणं थांबलं. त्यानं हलक्या काठीकडे पाहिलं. खरंच पाहिलं. हातसुद्धा पुढे गेला.

मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता.

"साडेसहा किलो! अगं, निदान पटेल असं तरी काही सांग. मी चाळीस वर्षं या काठांवर बसतोय. ज्याच्याकडे साडेसहा असतात तो 'दीड' म्हणतो. जो साडेसहा म्हणतो, त्याची जाळी कोरडी असते. मला माझ्या ब्रीमवरून उठवायचंय होय तुला? छान युक्ती आहे. तुला कुणी शिकवली, त्या पोस्टवाल्या बाईनं?"

"तुझे किती?" डिम्फ्नानं कसंबसं विचारलं.

"दोन," सुतकी चेहऱ्यानं क्लिफ म्हणाला आणि विलोमागे गडप झाला.

दोन म्हणजे चार. चार ब्रीम म्हणजे सहा किलो. डिम्फ्नानं मनात हिशेब केला. तो तिच्या मागे नव्हता, बरोबरीनं होता.

आणि नेमकं त्याच वेळी मासे लागायचे थांबले.

काडी पाण्यावर उभी. हलेना. एक मिनिट, दोन, पाच. मग पायापुढचं पाणी एकदम फुगलं, रोचांचा एक थवा चांदीचे तुकडे उधळावेत तसा हवेत उडाला, आणि त्यांच्या खालून एक हिरवी, लांब सावली सरकत गेली. पाईक! मगरीच्या तोंडाचा तो शिकारी मासा मेजवानीला आला होता. रोच पसार. अर्धा तास गेला, पाऊण गेला. विलोच्या पलीकडे क्लिफचं रीळ करकरलं आणि मासा उचलायच्या जाळीचा आवाज झाला, छप्प. पाच झाले. डिम्फ्नाला रडू येईल असं वाटलं. बादलीतले गोळे आता फेकावेत का? सगळे तेच करत होते. मोठ्या ब्रीमच्या मागे जावं का? एक ब्रीम म्हणजे तीस रोच!

नाही. ती स्वतःशीच म्हणाली. घाबरलेलं पोर बसमध्ये कुठे लपतं? मागच्या बाकावर, कोपऱ्यात, जिथे कुणी वाकून बघत नाही तिथे. मग रोचसुद्धा तसेच लपणार.

डाव्या हाताला बोरूचं दाट बेट होतं. पाणी गुडघाभर. तिथे कुणी गळ टाकत नाही, कारण तो हमखास अडकतो. डिम्फ्नानं काठीचा एक भाग काढून ती दोन मीटरची केली, काडी खाली सरकवली, बोरूच्या मुळाशी चार अळ्या टाकल्या आणि गळ एखाद्या दिव्यात वात ठेवावी तसा हळूच सोडला.

काडी बुडाली.

रोच. आणि तोही आधीच्यांपेक्षा मोठा! भ्यालेले मासे सगळे तिथे दाटीवाटीनं बसले होते. आता वेग नव्हता, प्रत्येक मासा बोरूतून अलगद काढायचा होता, पण ते येत होते. एक. आणखी एक. विलोपलीकडे पुन्हा छप्प. सहा! डिम्फ्नानं दात आवळले. शेवटची पाच मिनिटं. एक. आणखी एक. आणि शिट्टी फुंकायला गटाचा पंच मार्टी गाल फुगवत होता, तेव्हा शेवटचा रोच तिच्या तळहातात येऊन पडला.

शिट्टी.

काटा आला तेव्हा त्याच्यामागे निम्मं तळं चालत आलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं की खरी लढाई या दोन जागांवर आहे. ब्रायडी सगळ्यांना कोपर मारत पुढे आली. "काय गं, 'थोडेसे' म्हणालीस ना?"

डिम्फ्ना वाकून बुटांवरचा चिखल पुसायला लागली.

"डिम्फ्ना?"

"नाही म्हणाले."

"मग काय म्हणालीस?"

"खरं."

ब्रायडीनं डोळे मिटून छातीवर क्रूस काढला.

आधी क्लिफ. त्यानं जाळी उचलली आणि लोकांनी आवाज केला. दोन म्हणणाऱ्याचे सहा ब्रीम निघाले, एकेक ताटाएवढा. मार्टीनं काट्यात डोकं घालून वाचलं. "नऊ किलो चारशे वीस!" टाळ्या. क्लिफनं टोपी काढून सगळीकडे झुकवली. त्या गटात तोवर पाच किलोच्या वर कुणी गेलं नव्हतं.

मग डिम्फ्ना. ती गुडघ्यावर बसली, जाळीचं तोंड धरलं आणि ओढली. जाळी येईना. तिनं पुन्हा ओढली. ब्रायडी धावली. दोघींनी मिळून ती उचलली, आणि पाण्यातून जे वर आलं, ते बघून मागच्या माणसांनी पुढच्यांच्या खांद्यांवर हात ठेवले. नुसती चांदी! वळवळणारी, चमकणारी, लाल पंखांची चांदी.

"अरे देवा," कुणीतरी म्हणालं.

काट्याची सुई हलली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. मार्टीनं चष्मा पुसला. ब्रायडी किंचाळली, "वाच ना रे मेल्या!"

"नऊ किलो..." मार्टी थांबला. हा माणूस लॉटरीचे आकडे वाचायलासुद्धा असाच वेळ लावतो. "पाचशे ऐंशी!"

एकशे साठ ग्रॅम! म्हणजे तीन रोच, फार तर! काठावर जो कल्लोळ झाला, त्यानं पलीकडच्या तीरावरचे बगळे उठले. गावातली माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, ज्यांना मासे आवडत नाहीत तीसुद्धा. डिम्फ्ना तशीच गुडघ्यावर बसून होती. मग तिनं जाळी हलकेच उलटी केली आणि सगळी चांदी तळ्याला परत दिली.

क्लिफ विलोला वळसा घालून आला. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

"तू मला साडेसहा म्हणाली होतीस."

"हो."

"खरे होते?"

"हो रे."

"एकशे एक्केचाळीस? पायाशी?"

"सांगितलं ना मी तुला! चार मीटरवर, हेपण सांगितलं."

क्लिफनं आजूबाजूला पाहिलं, जणू पंचाकडे तक्रार करायची होती. "हिनं मला फसवलं!"

"खरं बोलून?" मार्टीनं विचारलं.

"खरं बोलूनच! असं कुणी करतं का?"

हशाचा असा काही लोळ उठला की क्लिफलाही राहवेना. आधी त्याची मिशी हलली, मग पोट, मग तो इतक्या जोरात हसला की टोपी पाण्यात पडली. त्यानं डिम्फ्नाला हात देऊन उठवलं आणि तो हात सोडलाच नाही, तसाच वर धरून तिला टेबलापर्यंत चालवत नेलं, मुष्टियुद्धातल्या विजेत्यासारखं.

"बारा वर्षं," किटली उचलून तिच्या हातात देताना तो म्हणाला. "घरी गेल्यावर बायको मला काय म्हणेल माहितेय? 'आता कांदे कशात ठेवू?'"

"यात कांदे ठेवायची ती?" डिम्फ्ना ओरडली.

"फार छान राहतात."

किटली तिला वाटली होती त्याहून जड होती. पोटाच्या तांब्यात तिचं फुगलेलं, लालबुंद, केस विस्कटलेलं तोंड दिसत होतं, आणि त्याच्या मागे सगळं गाव. डिम्फ्नानं दोन्ही हातांनी किटली डोक्यावर उचलली. ती कलली, झाकण निसटलं, आणि बार्न्सलीच्या बारा वर्षांच्या कांद्यांची टरफलं तिच्या केसांवर, खांद्यांवर, ब्रायडीच्या टोपीवर भुरभुरत खाली आली.

तिनं किटली खाली घेतलीच नाही.